ब्लूबेरीची स्मूदी: आधी वाटण, मग पातळ

सव्वाशे ग्रॅमची प्लॅस्टिकची डबी, त्यात जेमतेम दोन मुठी ब्लूबेऱ्या, आणि तेवढ्या पैशांत घरात चार दिवस पुरतील इतकी केळी आली असती. असं महागाचं फळ दुधात टाकून मिक्सर फिरवला की ग्लासात काय येतं? राखाडी-जांभळं पाणीदार दूध, वर तरंगणारे सालींचे कपटे आणि चव जवळपास नुसत्या दुधाचीच. मग डबीतल्या उरलेल्या बेऱ्या फ्रीजच्या मागच्या कप्प्यात सुरकुतत पडतात.

यात फळाचा फारसा दोष नाही. आपल्या हाताला सवय आंब्याची, चिकूची, केळ्याची. ही फळं दुधात कशीही घातली तरी निभावून नेतात. शिकरणाला तर मिक्सरही लागत नाही. ब्लूबेरीचा गर मात्र फिकट हिरवट-पांढरा असतो, रंग सगळा सालीत. साल नीट वाटली गेली नाही तर पैसे देऊन घेतलेली गोष्ट कपट्यांच्या रूपात ग्लासाच्या कडेला चिकटून राहते. शिवाय फळ चांगलंच आंबट (पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट; इथे साधारण 3.1 ते 3.4) आणि त्यात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं द्रव्य, बरंच. दूध मळकट दिसणं, स्मूदी थिजणं, चव फिकी लागणं, या बहुतेक तक्रारी या तीन गोष्टींतून येतात.

डबी उलटी करून बघा

ब्लूबेरीवर पांढुरकी, भुकटीसारखी झाक असते. ती औषधाची फवारणी नव्हे, फळाचं स्वतःचं मेण आहे. ही झाक शाबूत म्हणजे फळाला फार हात लागलेले नाहीत. डबी उलटी करून तळ बघावा. जांभळा ओलावा दिसला तर खालची फळं फुटलेली आहेत, आणि फुटलेल्या एका फळावरची बुरशी दोन दिवसांत शेजाऱ्यांवर जाते. डबी हलवली की फळं सुटी घरंगळली पाहिजेत. देठाच्या बाजूला लालसर असलेली फळं अर्धवट पिकलेली असतात. तोडल्यानंतर ती मऊ होतील, पण गोड होणार नाहीत.

घरी आणल्यावर लगेच धुऊ नका. मेण निघतं, ओलावा राहतो आणि बुरशी धरते. डबीतच, तळाला कागदी रुमालाची घडी घालून फ्रीजमध्ये ठेवली तर आठवडाभर सहज टिकतात. वापरायच्या वेळी चाळणीत घेऊन गार पाण्याखाली धुवायच्या. खायचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजवायची पद्धत इथे नको, कारण चिरलेल्या फळांचा रस सोड्याने निळा-हिरवा होतो.

किंमत एवढी का, याचं उत्तर मातीत आहे. या झुडपाला 4.5 ते 5.5 पीएचची आम्लधर्मी माती लागते. हे गणित अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडवलं, तेव्हा कुठे एलिझाबेथ व्हाइट यांच्या न्यू जर्सीतल्या शेतावर 1916 साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक विक्रीला निघालं. तोवर ब्लूबेरी म्हणजे रानातून वेचून आणायचं फळ. आपली दख्खनची काळी माती नेमकी उलटी, चुनखडीची आणि अल्कधर्मी. त्यामुळे दुकानातल्या ताज्या डब्यांपैकी बऱ्याचशा पेरू देश, चिली वगैरे ठिकाणांहून, वाटेत सतत गार ठेवत, आलेल्या असतात.

म्हणूनच स्मूदीसाठी गोठवलेली ब्लूबेरी घेणं जास्त शहाणपणाचं. किलोमागे ती सहसा स्वस्त पडते, आणि गोठताना फळातल्या पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे सालीतला रंग सहज सुटतो. ताज्या फळाला मिक्सरमध्ये जे काम करावं लागतं त्यातलं अर्धं फ्रीझरने करून ठेवलेलं असतं. पाकीट हाताने चाचपावं. आत फळं सुटी वाजली पाहिजेत. एकच ढेकूळ लागलं तर वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेलं आहे, ते पाकीट घेऊ नये. घटकांच्या यादीत ब्लूबेरी हा एकच शब्द हवा. क्रश, फिलिंग, सिरप ही केकवाल्यांची सामग्री. तिच्या यादीत साखर पहिल्या एक-दोन नावांत भेटेल. सुकवलेल्या ब्लूबेरीलाही बहुतेक वेळा साखरेच्या पाकात मुरवलेलं असतं.

ताजी डबी स्वस्तात मिळाली तर घरीच गोठवता येते. धुऊन, कापडावर पसरून पूर्ण कोरडी करायची. ओली राहिली तर बर्फाने एकमेकांना चिकटते. स्टीलच्या ताटात बटर पेपरवर एका थरात रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची आणि सकाळी हवा दाबून काढलेल्या झिप पिशवीत भरायची. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये सहा महिने बघायला नको. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही, आणि वीज जात-येत असेल तर फळ वितळतं-गोठतं. तिथे महिन्याभरात संपवलेलं बरं.

एका ग्लासाचं प्रमाण

परदेशी कृतींत ‘एक कप ब्लूबेरी’ लिहिलेलं असतं. तो कप म्हणजे जवळजवळ 150 ग्रॅम, आपली अख्खी डबी आणि वर थोडी. त्याची गरज नाही. 60 ग्रॅम नीट वाटले तर 300 मिलीच्या ग्लासाला पुरतात आणि एका डबीत दोन ग्लास होतात.

गोठवलेली ब्लूबेरी 60 ग्रॅम
गोड, ताजं दही 120 ग्रॅम
गार पाणी 80 ते 100 मिली, त्यातलं 3 चमचे वाटणासाठी
बिया काढलेले मऊ खजूर 2, कोमट पाण्यात 10 मिनिटं भिजवून
राजगिऱ्याच्या लाह्या 2 मोठे चमचे
एका वेलदोड्याचे दाणे
मीठ, दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं

दही इथे मुद्दाम आहे. फळाचा आंबटपणा दुधात गेला की दूध फाटायला लागतं. गार दुधात लगेच प्यायलं तर कळत नाही, पण ग्लास अर्धा तास ठेवला की तळाशी बारीक कण दिसतात. दही आधीच विरजलेलं असतं, त्याला काय फाटायचंय! घरातल्या मोठ्यांना दूध आणि आंबट फळ एकत्र करणं पटत नाही, तो वादही दह्याने मिटतो.

घट्ट हवी असेल तर दह्याऐवजी 80 ग्रॅम चक्का घ्या आणि पाणी 40 मिलीने वाढवा. परदेशी कृतींत ज्याला ग्रीक योगर्ट म्हणतात त्याच्या जागी घरचा चक्का बिनधास्त चालतो. श्रीखंडासाठी टांगतो तसा रात्रभर टांगायची गरज नाही, तीन तासांत या कामापुरता घट्ट होतो. खाली निथळलेलं पाणी टाकू नका, तेच साध्या पाण्याऐवजी वापरा.

लाह्यांऐवजी ओट्स घालायचे तर 20 ग्रॅम घ्या आणि दह्यात 10 मिनिटं भिजू द्या, नाहीतर कच्च्या पिठाची चव येते. नाचणीचं पीठ कच्चं घालू नये, ते शिजवूनच घ्यायचं. राजगिऱ्याची लाही आधीच फुललेली असल्यामुळे थेट चालते आणि उपवासालाही अडत नाही.

मिक्सर आणि क्रम

खरी मेख इथे आहे. सगळं एकदम भांड्यात ओतून मिक्सर लावला की पातळ द्रवात ब्लूबेऱ्या गोल-गोल पोहत राहतात. पात्याखाली यायला त्यांना धरून ठेवणारं काही नसतं. वाटायला घट्टपणा लागतो, चटणीला लागतो तसाच.

एका-दोन ग्लासांसाठी मोठं ज्यूसचं भांडं नको, चटणीचं किंवा मधलं घ्या. मोठ्या भांड्यात एवढंसं फळ भिंतींवर उडून बसतं. आधी कोरड्या लाह्या आणि वेलदोड्याचे दाणे दहा सेकंद फिरवून घ्या. मग ब्लूबेरी, खजूर आणि फक्त तीन चमचे पाणी. फ्रीझरमधून काढलेली फळं पाच मिनिटं बाहेर ठेवलेली असावीत. वरून दव धरलेली, आतून अजून कडक, एवढंच. पूर्ण वितळू दिलीत तर रस बाहेर पडतो, तपकिरी व्हायला लागतो आणि स्मूदी कोमट होते.

मिक्सर सुरुवातीला थांबत-थांबत, एकेक सेकंद, पाच-सहा वेळा फिरवायचा. झाकण काढून कडा चमच्याने खरवडायच्या. मग मधल्या वेगावर 30 ते 40 सेकंद. आता वाटण गुळगुळीत, गडद, जवळपास काळपट-जांभळं दिसेल. थेंबभर घेऊन अंगठा आणि बोट यांच्यात चोळून बघा. सालीचा कागदासारखा तुकडा हाताला लागला तर अजून दहा सेकंद. बियांचा बारीक रवाळपणा थोडा राहतोच, त्याने काही बिघडत नाही. गाळणीतून गाळू मात्र नका, साल गेली की रंग आणि तंतू दोन्ही गेले.

यानंतर दही, मीठ आणि उरलेलं पाणी घालायचं आणि सर्वांत कमी वेगावर दहा-पंधरा सेकंदच फिरवायचं. सायीचं गार दही जोरात मिनिटभर फिरवलं तर लोणी सुटतं. ताक करताना हवं असतं ते इथे कडेला जांभळ्या गोळ्यांच्या रूपाने येतं.

चालू असताना मिक्सर गप्प झाला तर घाबरू नका. गोठलेलं फळ पात्यात अडकलं की मोटरवर ताण येतो आणि ओव्हरलोडचा खटका पडतो. प्लग काढा, भांडं उतरवा, पाच-दहा मिनिटं मोटर गार होऊ द्या, बऱ्याच मिक्सरांच्या बुडाशी असलेलं लाल बटण आत दाबा. पुन्हा लावताना चमचाभर पाणी वाढवा. बर्फाचे खडे वेगळे घालायचं कारणच नाही. फळ गोठलेलंच आहे, बर्फाने फक्त चव पातळ होते.

उलटा लावायचा बुलेटसारखा ब्लेंडर असेल तर क्रम उलटा धरायचा. कपात आधी गोठलेलं फळ, मग मऊ पदार्थ, शेवटी पाणी. कप उलटला की पाणी आणि मऊ भाग पात्याशी येतात आणि फळ वरून हळूहळू उतरतं. यात गरम काहीही घालू नका. कप बंद असतो आणि वाफेच्या दाबाने झाकण उडतं.

ग्लासात जेली कशी झाली?

सकाळी करून डब्यात भरलेली स्मूदी दहा वाजता चमच्याने कापावी लागते. ती खराब झालेली नसते. वाटताना सालीतलं आणि गरातलं पेक्टिन मोकळं होतं, आंबटपणा आणि साखर जोडीला असतेच. जॅम याच मार्गाने घट्ट होतो. फ्रीजमध्ये ठेवली तर अर्ध्या तासातच फरक दिसतो. चिया घातला असेल तर दुहेरी थिजते, कारण तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढतो.

लगेच पिणार असाल तर काही करायला नको. बरोबर न्यायची असेल तर ब्लूबेरी 45 ग्रॅमवर आणा, लाह्या-ओट्स-चिया वगळा, पाणी 50 मिली वाढवा आणि बाटलीत वर दोन बोटं जागा ठेवा म्हणजे पिण्याआधी जोरात हलवता येईल. तरीही थिजली तर दोन-तीन चमचे गार पाणी घालून काट्याने फेटा, पुन्हा ओतण्याजोगी होते. किंवा मुद्दाम थिजू द्या. पाणी 40 मिलीच घालून वाट्यांत ओता, दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, वर भाजलेल्या बदामाचे काप घाला. जिलेटिनशिवाय सेट झालेलं गोड तयार.

रंग

ब्लूबेरीचा रंग अँथोसायनिन या गटातल्या द्रव्यांचा, आणि तो आंबटपणाप्रमाणे बदलतो. आंबट बाजूला लालसर-गुलाबी, उदासीन बाजूला निळसर-जांभळा, अल्कधर्मी झालं की हिरवट. दुधाचा पीएच 6.7 च्या आसपास, म्हणून दुधात रंग मळकट होतो. दह्यात तो 4.5 च्या जवळ, म्हणून तिथे खुलतो. दही फार गोड असेल तर शेवटी अर्धा चमचा लिंबाचा रस टाका, दोन सेकंदांत ग्लास उजळतो. चवीलाही लिंबू आणि मीठ दोन्ही लागतात. ब्लूबेरीचा स्वाद मुळात सौम्य, या दोघांशिवाय तो नुसता गोडसर वाटतो. वेलदोडा घालण्यामागेही कारण आहे: लिनॅलूल हे सुगंधी द्रव्य दोघांतही आहे, त्यामुळे वेलची ब्लूबेरीचा वास दाबत नाही, वर उचलते. दालचिनी मात्र बेताने.

पालक घालून ‘हिरवी’ स्मूदी करायचा मोह या फळाबरोबर टाळावा. जांभळा आणि हिरवा मिळून चिखल होतो. आंबा घातला तरी रंग विटकरी होतो, पण चव इतकी जमते की ते चालवून घ्यावं. 50 ग्रॅम गोठवलेला हापूसचा रस आणि खजूर एकच.

केळ्याबद्दल थोडं सविस्तर. केळ्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) भरपूर असतं; ते पॉलिफिनॉल मोडतं, आणि अँथोसायनिन, फ्लॅव्हनॉल ही द्रव्यं त्याच कुटुंबातली. चिरलेलं केळं काळं पडतं ते त्यामुळेच. 2023 साली ‘फूड अँड फंक्शन’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या अभ्यासात केळ्याची स्मूदी पिणाऱ्यांच्या रक्तात फ्लॅव्हनॉल गटातली द्रव्यं, तीच कॅप्सूलमधून घेतल्याच्या तुलनेत, 84 टक्के कमी आढळली. बेरींच्या मिश्र स्मूदीत अशी घट दिसली नाही. मोजलेली द्रव्यं फ्लॅव्हनॉल होती, ब्लूबेरीचा रंग देणारी अँथोसायनिन नव्हेत, आणि सहभागी माणसं मोजकी होती. त्यामुळे केळं विषासारखं टाळायचं कारण नाही. पण महागडी ब्लूबेरी तिच्या पॉलिफिनॉलसाठीच घेत असाल तर दाटपणासाठी दुसरं काही घाला. शहाळ्याची मलई उत्तम: 60 ग्रॅम मलई, 60 ग्रॅम ब्लूबेरी, 150 मिली शहाळ्याचं पाणी, अर्धा चमचा लिंबू. दूध-दही न खाणाऱ्यांसाठी ही आमच्या मते बदामाच्या दुधापेक्षा सरस. किवी, अननस, पपई दह्याबरोबर घातली तर ताबडतोब प्यावं, त्यांतली विकरं दह्यातली प्रथिनं तोडतात आणि तासाभरात कडवटपणा येतो.

फळ फारच आंबट किंवा बेचव निघालं तर 60 ग्रॅम ब्लूबेरी चमचाभर पाण्याबरोबर छोट्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं गरम करा. साली तडकल्या, रस सुटला की उतरवा, पूर्ण गार करून मगच वाटा. स्वाद एकवटतो. सुरकुतलेल्या फळांसाठीही हाच मार्ग.

पोषणाचा हिशेब

100 ग्रॅम ब्लूबेरीत साधारण 57 कॅलरी, 10 ग्रॅम साखर, अडीच ग्रॅमच्या आतबाहेर तंतू आणि 10 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व. म्हणजे क जीवनसत्त्वासाठी ब्लूबेरी घेणं व्यर्थ, त्यात पेरूची फोड तिला केव्हाच मागे टाकते. तिची ताकद अँथोसायनिनमध्ये. ‘सुपरफूड’ हा शब्द विक्रेत्यांचा, त्यावर पाकीट उचलू नये.

वरच्या ग्लासात सगळं मिळून अंदाजे 180 कॅलरी आणि पाच-सहा ग्रॅम प्रथिनं होतात. नाश्त्याच्या जागी हे अपुरं आहे, अकराच्या आत भूक लागेल. 15 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे वाटणातच घातले तर प्रथिनं चार ग्रॅमने वाढतात. ग्लासातली सर्वांत जास्त साखर खजुराची असते, म्हणून मधुमेह असेल तर कापायचे ते खजूर. गोडव्यासाठी मध घातला तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो ग्लास देऊ नये. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर स्मूदीत रोज पालक घालायला सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, त्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं.

जून-जुलैत ब्लूबेरी बाजूला ठेवा आणि जांभळं आणा. अँथोसायनिन तिथेही आहे, आणि पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला तर भौगोलिक मानांकनही आहे. बिया काढून 80 ग्रॅम गर, दही तेवढंच, मीठ जरा सढळ हाताने, वेलचीऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड. जांभळातल्या टॅनिनने घसा धरतो, तो दह्याने आणि मिठाने मवाळ होतो. गर गोठवून ठेवला तर दिवाळीपर्यंत पुरतो. फक्त बी चुकून मिक्सरमध्ये गेलं तर सगळं कडू, म्हणून गर काढताना मोजत बसायला लागलं तरी चालेल.

भांडं रिकामं झालं की लगेच त्यात ग्लासभर पाणी आणि थेंबभर भांड्यांचा साबण घालून दहा सेकंद फिरवा. पात्याखाली साल वाळली की घासणीने निघत नाही, आणि झाकणाची पांढरी रबरी रिंग कायमची जांभळी होते. कपड्यावर डाग पडला तर साबण आधी लावू नका. साबण अल्कधर्मी, त्याने डाग निळा होऊन बसतो. आधी गार पाण्याची धार, मग लिंबू किंवा पांढरा व्हिनेगर पाच मिनिटं, आणि शेवटी साबण.